‘द बर्ड्स’: भयकथा आणि तिच्यावरचा सिनेमा यांची तुलना कशी करावी

कथा चांगली की सिनेमा, हा वाद चहासोबत रंगतो, पण त्यातून लेख उभा राहत नाही. दोन परिच्छेद लिहून झाले की हात थांबतो, कारण आवडलं-नावडलं यापलीकडे सांगायला काही उरलेलं नसतं. भयकथेच्या बाबतीत तर घोळ आणखी वाढतो. सिनेमा पाहताना आपण खुर्चीत दचकतो, कथा वाचताना सहसा दचकत नाही, आणि मग सिनेमाच जास्त भीतिदायक असा निकाल परस्पर लागून जातो. तो निकाल बाजूला ठेवून तुलना कशी करायची, हे पहिल्यांदाच असं काही लिहू पाहणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने सांगतो.

उदाहरण एकच घेऊ आणि तेच शेवटपर्यंत पिळू. डॅफ्नी ड्यू मॉरिये या ब्रिटिश लेखिकेची ‘द बर्ड्स’ ही कथा १९५२ साली तिच्या ‘द अ‍ॅपल ट्री’ या संग्रहात आली. आल्फ्रेड हिचकॉकचा त्याच नावाचा सिनेमा १९६३चा. पटकथा इव्हान हंटरची. शीर्षक आणि माणसांवर तुटून पडणारे पक्षी एवढं ठेव, बाकीचं विसर, असं हिचकॉकने आपल्याला सांगितलं होतं, असं हंटरने पुढे लिहून ठेवलंय. नवख्या माणसाला अशी जोडी घ्यावी की मूळ कथेला धरून चालणारी सोपी जोडी? मी म्हणेन, अशीच घ्यावी. सिनेमा कथेच्या मागोमाग चालत असेल तर आपण ‘हे गाळलं, ते घातलं’ अशी यादी करत बसतो. इथे जवळजवळ सगळंच गाळलंय, त्यामुळे यादीचा मोहच होत नाही.

दोन्हींचे शेवट पुढे उघड केले आहेत. कथा वाचली नसेल तर आधी वाचून या. फार तर तासाभराचं काम आहे.

पायरी १: आधी कथा, तीही एका बैठकीत

क्रम महत्त्वाचा आहे. सिनेमा आधी पाहिला तर नायकाला सिनेमातला नट रॉड टेलर याचा चेहरा चिकटतो, समुद्राला कॅलिफोर्नियाचं ऊन चिकटतं, आणि कथेतलं झाकोळलेलं आभाळ मग काही केल्या दिसत नाही. सिनेमा कधीच पाहून झाला असेल तर कथा वाचताना निदान एवढं करा: प्रत्येक प्रसंग नेमका कुठे घडतोय हे समासात लिहा. ‘स्वयंपाकघर’, ‘मुलांची खोली’, ‘शेतातली वाट’. सिनेमातली घरं आपोआप मागे हटतात.

हातात पेन्सिल असू द्या, पण छान वाक्यांखाली रेघा मारू नका. जिथे अस्वस्थ वाटलं तिथेच खूण करा. या दोन खुणा क्वचितच एका जागी पडतात.

कथा थोडक्यात अशी. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्राकाठी नॅट हॉकन राहतो. युद्धात आलेल्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन मिळतं, आठवड्यातले तीन दिवस शेतावर हलकी कामं करतो. बायको आणि जिल, जॉनी ही दोन मुलं. ३ डिसेंबरला रात्रीत वारा फिरतो आणि थंडी पडते. त्याच रात्री लहान लहान पक्षी मुलांच्या खोलीत घुसतात. सकाळी खोलीत पन्नासेक मेलेले पक्षी. मग समुद्रावर हजारोंनी बसलेले सीगल, भरतीबरोबर येणारे हल्ले, खिडक्यांना फळ्या, चुलाण्यात जाळ, आणि रेडिओ. कथा संपते तेव्हा पक्षी बाहेर लाकूड टोचत असतात आणि नॅट शेवटची सिगारेट ओढून रिकामं पाकीट आगीत टाकतो. का, कसं, पुढे काय, काहीच सांगितलेलं नाही.

पायरी २: कथेची भीती एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि नेमकं हेच बहुतेक जण वगळतात.

‘पक्ष्यांची भीती’ असं लिहाल तर ते उत्तर नाही. त्यासाठी एक कसोटी सांगतो. कथेतला पक्षी काढा आणि तिथे दुसरं काहीतरी ठेवा: पूर, साथ, बॉम्ब. कथा कितपत तगते ते पाहा. ड्यू मॉरियेच्या कथेत बॉम्ब ठेवून पाहिले तर ती जवळजवळ जशीच्या तशी उभी राहते, आणि हा योगायोग नाही. नॅटला फळ्या ठोकता येतात कारण युद्धात प्लिमथला त्याने आईच्या घराच्या खिडक्यांना अशाच फळ्या बसवल्या होत्या. प्लिमथवर जर्मन विमानांनी १९४१ साली जबर बॉम्बहल्ले केले होते. आपल्या गावच्या लोकांना हवाई हल्ला म्हणजे काय ते ठाऊकच नाही, असं नॅटच्या मनात येतं. शेतमालक ट्रिग सांगतो की हे रशियनांचं काम आहे असं गावात बोलतायत. कथा छापून आली तेव्हा महायुद्ध संपून सात वर्षं झाली होती आणि शीतयुद्ध ऐन भरात होतं.

पण ‘ही युद्धाची कथा आहे’ एवढ्यावरही थांबू नका. ते विषयाचं नाव झालं, भीतीचं नाही. आपल्या पेन्सिलीच्या खुणा पाहा. माझ्या प्रतीतल्या बहुतेक खुणा चोचींच्या वर्णनापाशी नाहीत, रेडिओपाशी आहेत. पहिल्यांदा बातमी येते, तेव्हा निवेदक हे प्रकरण जरा गमतीतच घेतोय असं नॅटला वाटतं. मग सूर बदलतो, राष्ट्रीय आणीबाणी जाहीर होते. मग सकाळी सातपर्यंत प्रक्षेपण बंद राहील अशी घोषणा आणि राष्ट्रगीत. आणि सकाळी सात वाजता काहीच नाही. परदेशी केंद्रं लावून पाहतो, तिथेही काही नाही. अमेरिका काहीतरी करील की, ते तर आपले दोस्त, असं नॅटची बायको म्हणते. नॅट त्यावर गप्प राहतो.

म्हणून माझं वाक्य: आपली काळजी घेणारं कुणीतरी वर बसलंय असं आपण धरून चालतो, आणि एका सकाळी कळतं की तिथे कुणी नाही. तुमचं वाक्य निराळं निघेल. निघू द्या. फक्त ते भीतीबद्दल असावं आणि त्यात ‘पक्षी’ हा शब्द नसावा.

पायरी ३: सिनेमा दोनदा पाहा आणि त्याचंही वाक्य लिहा

पहिल्यांदा दिवे घालवून, न थांबवता. दुसऱ्यांदा वही घेऊन.

हिचकॉक आपल्याला उन्हात नेतो. सॅन फ्रान्सिस्कोतलं पक्ष्यांचं दुकान, मेलनी डॅनियल्स ही श्रीमंत घरातली खोडकर तरुणी (टिपी हेड्रन), मिच ब्रेनर हा वकील, दोघांची लाडिक जुगलबंदी. त्याची जिरवायची म्हणून ती लव्हबर्ड्सचा पिंजरा घेऊन थेट बोडेगा बे या किनाऱ्यावरच्या गावी पोचते. तिथे मिचची आई लिडिया, धाकटी बहीण कॅथी, आणि मिचवर कधीकाळी जीव जडलेली शिक्षिका अ‍ॅनी. नावेतून परतताना मेलनीच्या कपाळावर पहिला सीगल झडप घालतो, तोवर पंचवीसेक मिनिटं गेलेली असतात. खरा मोठा हल्ला त्याच्याही बराच नंतर. पहिल्यांदा पाहणारा कंटाळतो आणि ‘सुरुवात लांबली’ असं लिहून मोकळा होतो. तसं लिहू नका. एवढा वेळ दिग्दर्शकाने कशावर घालवला ते विचारा.

तो घालवलाय एकमेकांकडे बघण्यावर. मेलनीला सगळे न्याहाळतात: पोस्टमास्तर, अ‍ॅनी, लिडिया. लिडियाला नवऱ्यामागे एकटं पडण्याची धास्ती आहे आणि मुलाच्या आयुष्यात येणारी प्रत्येक मुलगी तिला त्या धास्तीची आठवण करून देते. इथे पक्ष्यांच्या जागी बॉम्ब ठेवून पाहा, सिनेमा कोलमडतो. इथे असंच काहीतरी हवं जे रोज डोळ्यांसमोर असतं, तारेवर बसलेलं असतं, आणि ज्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. माझं वाक्य: आपण ज्यांना नुसतं बघत आलो, ते आता आपल्याला बघतायत.

शाळेबाहेरचा प्रसंग याच वाक्याचा पुरावा. मेलनी बाकावर बसून सिगारेट ओढतेय, आतून मुलांच्या गाण्याचा आवाज येतोय, आणि तिच्या पाठीमागे खेळायच्या सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतोय. एक पक्षी उडत येताना दिसतो, तिची नजर त्याच्या मागे जाते, आणि अख्खा सांगाडा काळा झालेला. इथे मराठी प्रेक्षकाला थोडं सावध राहायला हवं. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसांना रांगेने बसलेले कावळे पाहून जे वाटतं, ते हिचकॉकच्या मनात नव्हतं. ते तुमचं आहे. लेखात जरूर आणा, पण स्वतःच्या नावावर.

पायरी ४: कुणाला काय कळतं आणि कुठून, याचा तक्ता करा

भयकथेत माहिती हेच मुख्य भांडवल असतं. कागदाला मधोमध रेघ मारा. एकीकडे कथा, दुसरीकडे सिनेमा. प्रत्येक ठिकाणी पात्रांना धोक्याची माहिती कुठून मिळते तेवढंच लिहा.

कथेची बाजू झटपट भरते. रेडिओ, एकदोनदा टेलिफोन, आणि नॅटचे स्वतःचे डोळे. नॅट सांगतो आणि लोक ऐकत नाहीत. ट्रिगची बायको त्याला विचारते की ते नक्की खरेच पक्षी होते ना. ट्रिग बंदूक घेऊन सीगल मारायला निघतो, जणू सहल आहे. मग एकेक झरा आटत जातो. टेलिफोन मेला. शेजार मेला. रेडिओ मेला. कथेची रचनाच ही आहे.

सिनेमाच्या बाजूला मात्र गर्दी होते, आणि ती सगळी एका उपाहारगृहात जमते. पक्ष्यांचा अभ्यास असलेली मिसेस बंडी आकडे आणि जाती सांगून हे अशक्य असल्याचं सिद्ध करते. बारपाशी बसलेला दारुडा जगबुडी आल्याचं जाहीर करतो. एक जण म्हणतो, सगळे पक्षी मारून टाका. मुलांना घेऊन बसलेली एक आई घाबरत जाते आणि हल्ल्यानंतर मेलनीकडे बोट दाखवते: तू आलीस आणि हे सुरू झालं. मेलनी तिला थोबाडीत देते. इथे माहिती कमी नाही, जास्त आहे, आणि एकाही माहितीचा उपयोग नाही. मला हा सिनेमातला सगळ्यात धारदार भाग वाटतो. गल्लीत काही अघटित घडलं की आपल्याकडेही याच चार-पाच भूमिका तासाभरात वाटल्या जातात.

आणि एक नोंद चुकवू नका. सिनेमाच्या शेवटी मिच गाडीतला रेडिओ लावतो, तो चालू असतो. बोडेगा बे हे केंद्र दिसतंय, आसपास थोडे हल्ले झालेत, सैन्य पाठवायचा विचार सुरू आहे, अशी बातमी येते. म्हणजे वर कुणीतरी आहे. कथेतलं तुमचं वाक्य आणि सिनेमातलं वाक्य वेगळं का निघालं, याचा सगळ्यात भक्कम पुरावा हा एवढासा रेडिओ आहे.

पायरी ५: एकच जोडप्रसंग निवडा आणि त्यातच खोल जा

सगळे प्रसंग हाताळायला गेलात तर लेख सारांश होऊन बसेल. दोन्हीकडे सापडणारा एक प्रसंग उचला. इथे तो तयारच आहे: शेतघरातलं प्रेत.

कथेत नॅट ट्रिगच्या शेतावर जातो. जिम हा गुराखी अंगणात पडलेला आहे, वरून गुरं गेलीत. ट्रिग टेलिफोनपाशी. रिसीव्हर लोंबतोय. वरच्या मजल्यावर दारातून ट्रिगच्या बायकोचे पाय दिसतात, शेजारी मेलेले सीगल आणि मोडलेली छत्री. नॅट काय करतो? त्याला कळतं की आता करण्यासारखं काही नाही, आणि तो खाण्यापिण्याचं सामान गोळा करायला लागतो. पुढचा हल्ला भरतीला होणार, वेळ मोजका आहे. मोडलेली छत्री मला त्या तिन्ही मरणांहून जास्त लागली. हाताशी जे होतं ते घेऊन ती बाई लढली, आणि लेखिका त्यावर एक शब्दही जास्त खर्च करत नाही.

सिनेमात लिडिया शेजारच्या डॅन फॉसेटच्या शेतघरी जाते. हाक मारते, उत्तर नाही. स्वयंपाकघरात हुकांना टांगलेले कप फुटलेत, नुसते कान लोंबतायत. आदल्या संध्याकाळी तिच्याच घरात चिमण्या धुराड्यातून घुसल्या होत्या आणि ती खाली वाकून फुटके कप वेचत होती, हे इथे आठवतं. लांब बोळ. खोली विस्कटलेली, खिडकीत अडकलेला मेलेला सीगल. मग पाय, आणि मग चेहरा, तीन तुकड्यांत झटक्यासरशी जवळ येत जाणारा, डोळ्यांच्या जागी खोबणी. लिडिया पळत बाहेर येते, तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही.

आता प्रश्न विचारा. प्रेत कुणाला सापडतं? कथेत जगण्याचं गणित मांडणाऱ्या माणसाला, सिनेमात एकटेपणाला भिणाऱ्या बाईला. पाहणारा पुढे काय करतो? एक डबे गोळा करतो, दुसरी बोलणंच हरवून बसते. लेखिकेने काय झाकलं? चेहरे. दिग्दर्शकाने काय दाखवलं? नेमके डोळे. ‘ते आपल्याला बघतायत’ या वाक्याला त्या रिकाम्या खोबणी येऊन भिडतात. अशा चार प्रश्नांची उत्तरं म्हणजेच तुमच्या लेखाचा गाभा. दोन पानं सहज होतात.

हौस असेल तर दुसरी जोडी बंद दाराची. कथेत पक्षी वरच्या खोल्यांमध्ये शिरल्याचं कळताच नॅट दार बंद करून त्याला सामान लावतो. सिनेमात मेलनी आवाज ऐकून एकटीच माळ्यावर जाते आणि दार उघडते. ती का जाते, याचं पटेल असं कारण सिनेमा देत नाही. माझ्या मते तो सिनेमाचा कच्चा दुवा आहे. बरेच जाणकार मात्र त्यालाच त्याचं मर्म समजतात. तुम्ही बाजू घ्या, पण पुरावा प्रसंगातूनच द्या.

पायरी ६: आवाज

हे लवकर आटपेल. सिनेमात रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. मुलांचं गाणं आणि मेलनी पियानोवर वाजवते ती देबुसी या फ्रेंच संगीतकाराची रचना सोडली तर जे ऐकू येतं ते पक्ष्यांचे आवाज आणि ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावर ओस्कार साला आणि रेमी गासमान यांनी घडवलेले आवाज. संगीतकार बर्नार्ड हरमन ध्वनी सल्लागार होता. एक हल्ला डोळे मिटून ऐका. मग कथेतले टकटक, खरवड, फडफड यांचे उल्लेख मोठ्याने वाचा. दोघांनीही गप्प राहायच्या जागा कुठे ठेवल्यात, तेवढंच टिपा.

पायरी ७: शेवट शेजारी ठेवा

दोन्ही शेवट उघडे आहेत असं लिहून थांबणं फार सोपं आहे. ते कुठल्या बाजूला उघडे आहेत ते पाहा. नॅटचं कुटुंब घराच्या आत आहे, बाहेर जायला जागाच नाही, कारण बाहेरही हेच चाललंय. ब्रेनर मंडळी घरातून निघतात, हजारो शांत पक्ष्यांमधून गाडी हळूहळू पुढे जाते. कॅथीने लव्हबर्ड्सचा पिंजरा सोबत घेतलाय, लिडियाने जखमी मेलनीला जवळ धरलंय. पडद्यावर ‘समाप्त’ अशी पाटीसुद्धा येत नाही. कथेत घर अभंग राहतं आणि जग संपतं. सिनेमात घर सोडावं लागतं, पण विस्कटलेलं कुटुंब जुळायला लागलेलं दिसतं. या दोनांत जास्त निर्दय कोण, असं मला विचाराल तर लेखिका.

पायरी ८: बाहेरची माहिती सगळ्यात शेवटी

आंतरजाल आता उघडा, आधी नको. ‘द बर्ड्स’बद्दल किश्श्यांचा पूर आहे आणि तो तुमचा लेख वाहून नेऊ शकतो. ऑगस्ट १९६१मध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझजवळच्या किनाऱ्यावर शिअरवॉटर जातीचे समुद्रपक्षी मोठ्या संख्येने घरांवर आदळले. हिचकॉकचं तिकडे लक्ष गेलं होतं. पुढे अनेक दशकांनी शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध शेवाळातून आलेल्या डोमोइक आम्ल या विषाशी जोडला. माळ्यावरच्या प्रसंगासाठी हेड्रनच्या अंगावर दिवसेंदिवस खरे पक्षी सोडले गेले आणि तिला इजाही झाली, हे तिने स्वतः सांगितलंय. ड्यू मॉरियेला सिनेमा आवडला नव्हता, हेही प्रसिद्ध आहे.

यातलं काय घ्यायचं? जे तुमच्या दोन वाक्यांपैकी एकाला बळ देतं किंवा छेद देतं तेवढंच. सांताक्रूझची घटना सिनेमाच्या स्थानिकपणाला धरून आहे, ती ठेवा. लेखिकेची नापसंती हा पुरावा नाही, मत आहे. तिच्या ‘रिबेका’वरही हिचकॉकने १९४० साली सिनेमा काढला होता, तेव्हा दोघांचं जुनं नातं सांगायचं असेल तर एक ओळ पुरे. हेड्रनचा अनुभव मात्र दोन ओळींच्या मसाल्यासारखा वापरू नका. तो घ्यायचा तर तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यातला अभिनय किती आणि खरी यातना किती, हा अवघड प्रश्न लेखात घ्यावा लागेल.

पायरी ९: लिहायला बसा

सारांशाला शंभर-दीडशे शब्द, त्याहून जास्त नाही. लगेच दोन वाक्यं मांडा. मग माहितीचा तक्ता परिच्छेदात उतरवा, तक्ता म्हणून छापू नका. मग जोडप्रसंग, इथे मोकळेपणाने लिहा. मग शेवट. ‘कथेला न्याय दिला’ आणि ‘मूळ कथेशी प्रामाणिक’ हे दोन शब्दप्रयोग पहिल्या खर्ड्यात शोधून खोडा, त्यांच्या जागी नेमकं काय म्हणायचं होतं ते आपोआप सुचेल. प्रसंग आठवणीतून लिहिले असतील तर पुन्हा पाहून तपासा. पक्ष्यांची जात, खोली, कोण आधी येतं, यात गडबड हटकून होते.

हे जमलं की याच लेखिकेची ‘डोन्ट लुक नाऊ’ घ्या. निकोलस रोगचा सिनेमा १९७३चा. कथा सुरू होते तेव्हा जोडप्याची लहान मुलगी मेंदूज्वराने आधीच गेलेली आहे आणि नवरा-बायको व्हेनिसच्या सहलीवर आहेत. सिनेमा सुरू होतो लाल रेनकोट घातलेली मुलगी घराजवळच्या तळ्यात बुडते तिथून. पहिल्या दहा मिनिटांतल्या या एका बदलावरच पानभर लिहून पाहा.